काळजीचा अधिकार

आपण मराठी माणसे नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस, कलकत्त्यास, भोपाळास किंवा आणखी कोठे येऊन राहिलो, म्हणजे घरच्या माणसांशी असलेले आपले नाते पुष्कळ अंशी काळजीच्या रूपाने उरते. जवळ राहणारा मुलगा आईला दवाखान्यात नेतो, औषधे आणून देतो, प्रसंगी तिच्याशी भांडतो आणि संध्याकाळी तिच्याच हातचे जेवतो. दूर राहणाऱ्याला यांतले काहीच करता येत नाही. तो काळजी करतो. पूर्वी ही काळजी आंतर्देशीय पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत मावत असे. आता दूरध्वनी खिशात आला आहे, तेव्हा ती रोज रात्री साडेआठ वाजता करता येते. ही काळजी म्हणजेच प्रेम, अशी आपली समजूत असते. आणि प्रेमापोटी केलेली गोष्ट चुकीची असू शकेल, ही शंका आपल्या मनाला सहसा शिवत नाही. मला ती शंका गेल्या वर्षी आली. ती कशी आली आणि तिच्या पाठोपाठ विचार करीत मी कोठवर पोहोचलो, ते येथे मांडावयाचे आहे. विषय घरगुती आहे, परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न घरापुरता नाही. आपल्या प्रिय माणसाने स्वतःच्या देहाची हेळसांड चालविली असता त्याच्यावर आपला अधिकार किती, हा तो प्रश्न होय.

माझी आई सांगलीस गावभागात राहते. वय चौसष्ट. वडील हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. धाकटा भाऊ पुण्यास खाजगी नोकरीत आहे, आणि मी येथे एका मंत्रालयात उच्च श्रेणी लिपिक आहे. आम्ही दोघांनीही तिला आपल्याकडे येऊन राहण्याचा आग्रह केला. ती दोन्हीकडे राहून आली आणि दोन्हीकडून परत गेली. दिल्लीत तिसऱ्या मजल्यावरच्या सरकारी घरात दिवसभर बोलावयास तिला माणूस मिळेना, आणि थंडीने तिचे गुडघे धरले. तेव्हा सांगलीचे दोन खोल्यांचे घर आणि ओळखीचा शेजार हेच तिला बरे वाटले, यात तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

तिला मधुमेह असल्याचे नऊ वर्षांपूर्वी कळले. वडील होते तोवर त्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळताना तिच्याही वेळा आपोआप सांभाळल्या जात. ते गेल्यावर वेळ सांभाळावी असे कोणी घरात राहिले नाही. एकट्या बाईचा स्वयंपाक कसा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी कालची भाकरी आणि असेल ती चटणी, रात्री दूधभात. महिन्याच्या गोळ्या दीड महिना पुरत. एकादशी आणि संकष्टी चुकावयाची नाही, म्हणजे दिवसभर पोट रिकामे आणि मग साबुदाण्याची खिचडी. शेजारी सत्यनारायण झाला तर प्रसादाला नाही म्हणावयाचे नाही. यांतली एकही गोष्ट बंडखोरीची नाही. आईच्या पिढीच्या बहुतेक बायका अशाच जगल्या आहेत.

या रोगाचा स्वभावही असा, की तो हेळसांडीला साथ देतो. दुसरी दुखणी माणसाला हाका मारतात. दाढ दुखू लागली तर रात्री दोन वाजताही लक्ष द्यावेच लागते. मधुमेह वर्षानुवर्षे गप्प असतो. रक्तातली जादा साखर बारीक रक्तवाहिन्यांना हळूहळू निकामी करीत जाते, आणि त्याची झळ डोळ्यांच्या पडद्याला, मूत्रपिंडांना व पायांच्या मज्जातंतूंना पोहोचते. पायाची संवेदना गेली की चपलेतला खडाही कळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले; त्यांत आपल्या देशात सुमारे दहा कोटी माणसांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. त्या दहा कोटींच्या मागे काळजी करणारी माणसे किती असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

मी काळजी करावयास लागलो ती माझ्या पेशाला अनुसरून. आईला साखर मोजण्याचे यंत्र घेऊन दिले, पन्नास पट्ट्यांची डबी घेऊन दिली, बोटाला टोचावयाचे कसे ते शिकविले. एक वही घातली. रोज रात्री दूरध्वनीवरून आकडा विचारावयाचा आणि वहीत तारखेपुढे लिहावयाचा. आमचे संभाषण साधारणपणे असे होई :

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"आकडा?"

"एकशे एकवीस."

"फिरायला गेली होतीस?"

"जाऊन आले."

"बरं, ठेवतो."

कचेरीत उत्तर न आलेल्या प्रकरणावर पहिले स्मरणपत्र जाते, मग दुसरे, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर साहेबांच्या सहीचे अर्धशासकीय पत्र. माझ्या घरीही नकळत तीच रीत पडली होती. आईने टाळाटाळ केली की पुण्यास भावाला कळवावयाचे, म्हणजे त्याचा दूरध्वनी जाई. तेवढ्याने भागले नाही तर माझी पत्नी बोले. वहीत मात्र आकडे सुरेख येत होते. ११८, १२४, १३१, ११९. ती वही पाहून मला समाधान वाटे. आपण हजार मैलांवर असूनही आईची प्रकृती आपल्या हाती ठेवली आहे, असे ते समाधान होते.

गेल्या वर्षी जून महिन्यात रजा काढून मी सांगलीस गेलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई न्हाणीघरात पायांवर पाणी घेत असता तिच्या उजव्या तळपायाला बांधलेली चिंधी मला दिसली. विचारले तेव्हा म्हणाली, "काही नाही, कुरूप झालं होतं, ब्लेडनं काढलं." केव्हा काढले? तीन आठवडे झाले होते. दुखत नव्हते म्हणून ती त्यावर चालत राहिली, बाजारात गेली, देवळात गेली. दुखत नव्हते, हेच त्यातले सर्वांत वाईट होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखम साफ केली. ती हाडापर्यंत गेली नव्हती, हे नशीब. त्यांनी रक्ताची एक तपासणी सांगितली. लोक तिला तीन महिन्यांची साखर म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळात त्यांच्यातल्या रंगद्रव्याला साखर चिकटत जाते. ती किती चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. या तपासणीपुढे एका दिवसाचे पथ्य चालत नाही आणि तोंडी सांगितलेला आकडाही चालत नाही. आईचा अहवाल १०.४ आला. म्हणजे सरासरी अडीचशेच्या आसपास. माझ्या वहीत त्याच तीन महिन्यांत एकही आकडा १४० च्या वर नव्हता. उपाशीपोटीचा आकडा सरासरीपेक्षा कमी असतो हे धरून चालले, तरी या दोहोंचा मेळ बसणे शक्य नव्हते. घरी येऊन मी पट्ट्यांची डबी उघडली आणि मोजल्या. दिवाळीत आणलेल्या पन्नासांपैकी एकेचाळीस शिल्लक होत्या.

त्या रात्री मी आईशी जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. आवाज चढविला एवढेच सांगतो. शेवटी मी म्हणालो, "तू माझ्याशी खोटं बोललीस." ती मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली :

"खोटं कसलं? तुला जो आकडा हवा होता तो सांगत होते."

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तीच पुढे बोलू लागली. "मागं एकदा दोनशे साठ सांगितला होता, आठवतं? अर्धा तास बोललास. मग सूनबाई बोलली. मग पुण्याहून धाकट्याचा फोन, तोही बोलला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मनात म्हटलं, पोरं इतक्या लांब, तिथं बसून त्यांच्या जिवाला घोर कशाला? तेव्हापासून बरा आकडा सांगते. तूही शांत झोपतोस, मीही."

हे वाक्य ऐकले तेव्हा मला प्रथम राग आला, मग लाज वाटली, आणि दिल्लीस परतताना गाडीच्या प्रवासात मी त्यावर विचार करीत राहिलो. आई मला फसवीत नव्हती. ती माझी काळजी घेत होती. मी तिच्या साखरेची काळजी करीत होतो आणि ती माझ्या झोपेची. दोन्ही काळज्या खऱ्या होत्या, आणि त्या दोहोंच्या मध्ये तळपायाची जखम तीन आठवडे कोणाला दिसली नव्हती.

आपण जे सरकारी कचेऱ्यांत काम करतो, त्यांना तर हा अनुभव नवा नसावा. ज्या कार्यालयाचे मासिक विवरणपत्र उणे दिसले की वरून लगेच खुलासा मागविला जातो, त्या कार्यालयाची विवरणपत्रे थोड्याच दिवसांत निर्दोष येऊ लागतात. काम सुधारलेले नसते. लिहिणारा शहाणा झालेला असतो. हे मला दहा वर्षे ठाऊक आहे आणि त्यावर मी मित्रमंडळीत विनोदही केले आहेत. पण माझी वही हेदेखील तसलेच विवरणपत्र आहे, हे मला दिसले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्वतःचे हित कशात आहे हे माहीत असूनही माणूस त्याच्या उलट का वागतो? सॉक्रेटिसाचे म्हणणे असे, की जाणूनबुजून कोणी वाईटाकडे जात नाही. जो जातो त्याचे ज्ञानच अपुरे असते. ॲरिस्टॉटलला हे पटले नाही. त्याने मान्य केले, की माणूस जाणत असतो आणि तरी घसरतो. त्या क्षणी त्याचे ज्ञान निजलेल्या किंवा मद्य प्यालेल्या माणसाच्या ज्ञानासारखे असते, असून नसल्यासारखे. आपल्याकडे चरकसंहितेने या गोष्टीला प्रज्ञापराध असे नाव दिले आहे आणि रोगांच्या मूळ कारणांत त्याची गणना केली आहे. चरकाचा विशेष असा, की त्याने हा अपराध एकसंध मानलेला नाही. धी, धृती आणि स्मृती या तिहींपैकी कोणत्याही एकीचा भ्रंश झाला तरी तो घडतो. स्थूलमानाने सांगावयाचे तर समजण्यात चूक होते, किंवा स्वतःला आवरण्याचे बळ उणे पडते, किंवा जे जाणले होते त्याचे भान सुटते.

हा भेद मला फार उपयोगाचा वाटला. कारण उणीव कोणती यावर उपाय कोणता हे ठरते. ज्याला समजलेले नाही त्याला समजावून द्यावे. ज्याला विसर पडला त्याला आठवण करून द्यावी. परंतु ज्याची धृतीच खचली आहे, त्याला आठवण करून देऊन काय उपयोग? माझ्या आईला सर्व समजत होते. गोळी केव्हा घ्यावयाची हे ती विसरलेली नव्हती. घरात एकटीने पान वाढून घेऊन बसण्याचे बळ तिला उरले नव्हते. मी मात्र रोज रात्री तिला स्मरणपत्रे पाठवीत होतो. स्मरणपत्राने धृती वाढत नाही, उलट थोडी कमी होते. कारण प्रत्येक स्मरणपत्रात, तू चुकलीस, हे एक वाक्य न लिहिता असतेच.

धृती येते कोठून? या ठिकाणी मला लोकमान्य टिळकांची आठवण होते. त्यांना मधुमेह होता. इन्शुलिनचा शोध १९२१ साली टोरँटोत लागला आणि माणसाला ते प्रथम दिले गेले जानेवारी १९२२ मध्ये. टिळक त्याआधीच, १ ऑगस्ट १९२० रोजी गेले होते. त्यांच्या काळी या रोगावर पथ्य हाच मुख्य आधार होता. १९०८ ते १९१४ ही वर्षे त्यांनी कैदेत, त्यातला बहुतेक काळ मंडालेस, काढली. तेथेच गीतारहस्य लिहिले. तेथेच १९१२ साली पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांना ऐकावी लागली. अशा स्थितीत आहाराचे पथ्य सांभाळून ज्या माणसाने देह टिकविला, त्याला देह कशासाठी टिकवावयाचा हे स्पष्ट ठाऊक होते. थोरांचे उदाहरण सामान्यांना देऊन त्यांना लाजविण्याचा माझा हेतू नाही. मला दिसते ते एवढेच, की पथ्याला प्रयोजन लागते. माझ्या आईचे प्रयोजन वडिलांबरोबर गेले होते, आणि मी तिला त्याऐवजी एक आकडा दिला होता.

तरीही अधिकाराचा प्रश्न शिल्लक राहतोच. जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात असे प्रतिपादिले, की जाणत्या माणसाला केवळ त्याच्याच हितासाठी सक्तीने वागावयास लावण्याचा अधिकार दुसऱ्या कोणासही नाही. त्याच्याशी वाद घालावा, त्याला समजवावे, त्याची विनवणी करावी. सक्ती करू नये. आगरकरांच्या पिढीने मिल आस्थेने वाचला, आणि महाविद्यालयात असताना मलाही तो पटला होता. परंतु मिलचा माणूस काहीसा एकटा उभा असलेला दिसतो. आपल्या घरांतली माणसे तशी नसतात. उद्या आईचा पाय काढावा लागला तर ते केवळ तिचे नुकसान होईल काय? माझी नोकरी, भावाचा संसार, दोन्ही सुनांची वर्षे त्यात जातील. मग तिच्या पायावर आमचा काहीच हक्क नाही असे कसे म्हणावे? मी या युक्तिवादाला बरेच दिवस चिकटून होतो. पण त्यातही एक खोच आहे, ती मला उशिरा कळली. याच हिशेबाने पाहू गेल्यास आईच्या एकटेपणावरही आमचा हक्क, म्हणजे आमची जबाबदारी, तितकीच होते. पाय तेवढा आमचा आणि दुपारचे रिकामे घर तेवढे तिचे, अशी वाटणी न्यायाची नव्हे.

दुसऱ्या टोकाला जाणारेही काही जण असतात. "तिचे ती पाहील, सांगून थकलो," असे म्हणून ते मोकळे होतात आणि याला दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचा आदर असे नाव देतात. मला तो आदर वाटत नाही. ज्याने हात झटकले आहेत त्याने काही सोडलेले नसते. त्याने फक्त स्वतःची सुटका करून घेतलेली असते.

दिल्लीस परतल्यावर हे सर्व मी पत्नीस सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमची स्वतःची साखर केव्हा तपासली होतीत?" मी छत्तीस वर्षांचा आहे. आईला मधुमेह, तेव्हा मला तो होण्याचा संभव अधिक, आणि म्हणून वर्षातून एकदा तपासणी करावी असे डॉक्टरांनी सांगून दोन वर्षे झाली होती. केंद्र सरकार आरोग्य योजना दिल्लीत १९५४ साली सुरू झाली. तिचा दवाखाना आमच्या वसाहतीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. दिवसभर खुर्चीत बसावयाचे, चार वाजता चहाबरोबर समोसा खावयाचा आणि रात्री साडेआठ वाजता आईला विचारावयाचे, की फिरावयास गेली होतीस काय. पत्नीच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते ऐकून मीच ओशाळलो. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात करतो."

प्रज्ञापराध म्हणजे काय, हे मला चरकाच्या संदर्भातून जितके कळले नव्हते तितके या तीन शब्दांतून कळले. त्याच आठवड्यात जाऊन तपासून आलो. ५.९ आला. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. वजन उतरवा आणि रोज चाला, असा सल्ला मिळाला.

त्या रात्री मी आईला आकडा विचारला नाही. माझा सांगितला. ती एकदम घाबरली आणि मग रागावली. "तुला सांगत होते, रात्री उशिरा जेवू नकोस म्हणून." मी तिला अर्धा तास बोलू दिले. त्या अर्ध्या तासात मला प्रथमच समजले, की त्या दोनशे साठच्या रात्री सांगलीच्या त्या खोलीत बसून तिला कसे वाटले असेल. बोलणे कडू नव्हते. त्यातले अक्षर न् अक्षर मायेचे होते. पण माझा जीव गुदमरला, आणि पुढच्या वेळी हिला काही सांगू नये, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

यावरून मी असा निष्कर्ष काढला आहे. काळजीने आपल्याला आज्ञा करण्याचा अधिकार मिळत नाही; निदान समोरच्या माणसाची बुद्धी शाबूत आहे तोवर तरी नाही. बोलण्याचा अधिकार मिळतो, आणि तो अधिकार म्हणण्यापेक्षा कर्तव्यच होय. परंतु बोलण्याच्याही आधी खरे काय ते कळावे लागते, आणि खरे ऐकण्याचा अधिकार नात्याने मिळत नाही; तो कमवावा लागतो. वाईट बातमी सांगणाऱ्याला ती सांगितल्याची शिक्षा होणार नाही, अशी खात्री आपण आपल्या वागण्याने द्यावी, तेव्हा तो मिळतो. ज्याच्या काळजीपुढे माणसाला खोटे बोलावे लागते, त्याची काळजी कितीही खरी असो, ती आंधळी होते. आणि आणखी एक. ज्या कष्टाची आपण दुसऱ्याकडून अपेक्षा करतो, त्यातला थोडा तरी वाटा उचलल्यावाचून त्याविषयी बोलणे शोभत नाही.

निष्कर्ष काढणे सोपे, पाळणे कठीण. मी वही बंद केली. मंगळवारी आणि शनिवारी अशी आठवड्यातून दोनदा साखर पाहावयाची, असे आम्ही दोघांनी मिळून ठरविले. त्या दिवशी मीही आठवड्यात किती दिवस चाललो ते तिला सांगतो. पुष्कळदा सांगावे लागते, की दोनच दिवस. मग ती हसते आणि म्हणते, "मग मला कुठल्या तोंडानं विचारतोस?" एकादशीवरून मी वाद घालणे सोडून दिले. त्याऐवजी भाऊ तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. उपवासाच्या दिवशी नेहमीची गोळी तशीच घेतली तर साखर एकाएकी उतरून घेरी येऊ शकते, म्हणून त्या दिवशी गोळी किती व केव्हा घ्यावी हे त्यांनी लिहून दिले. एकादशी चालू आहे. खिचडीची वाटी लहान झाली आहे, असे ती सांगते आणि मी ते खरे मानतो.

सर्वांत मोठा फरक ज्याने पडला ते मी केलेलेच नाही. शेजारच्या वहिनी शाळेत शिकवितात. त्यांचा मुलगा दुपारी एक वाजता घरी येतो आणि त्याला वाढावयास घरी कोणी नसते. जुलैपासून तो आईकडे जेवतो. त्याला कालची भाकरी चालत नाही. म्हणून दुपारी चूल पेटते, भाजी होते, वरण होते, आणि त्याच्याबरोबर आईही वेळेवर जेवते. नऊ वर्षांत औषधांच्या चिठ्ठीवर कोणी लिहिले नव्हते ते त्या दहा वर्षांच्या मुलाने घडवून आणले, आणि त्याला याची वार्ताही नाही.

तळपायाची जखम भरून यावयास सात आठवडे लागले. गणपतीत एका शनिवारी आईचा आवाज जरा बारीक लागला. म्हणाली, "आज दोनशे सत्तर. मोदक खाल्ले. तीन." मी काही क्षण गप्प राहिलो. जुनी सगळी वाक्ये जिभेवर येऊन उभी राहिली होती. ती गिळून मी विचारले, "कसे झाले होते?" "पाकळ्या छान पडल्या होत्या रे," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने आपण होऊन सांगितले, "रात्री भात घेतला नाही. उद्या परत बघते." दुसऱ्या दिवशी रविवार होता; आमच्या ठरावातला वार नव्हता. तरी सकाळी तिचा दूरध्वनी आला. एकशे अठ्ठ्याऐंशी.

सर्व ठीक झाले असे म्हणता येणार नाही. डोळ्यांच्या तपासणीत पडद्यावर प्रारंभीचे बदल दिसले आहेत, आणि जी वर्षे गेली ती परत मिळत नाहीत. मला अजूनही रात्री जाग येते आणि सांगलीची ती न्हाणी डोळ्यांपुढे उभी राहते. डिसेंबरात तीन महिन्यांची साखर पुन्हा पाहिली. ८.६ आली. डॉक्टरांना ती सातच्या आसपास हवी आहे, म्हणजे अजून बरीच मजल गाठावयाची आहे. पण त्याच तीन महिन्यांतले आईने सांगितलेले आकडे मी आठवून पाहिले, आणि या वेळी त्या अहवालाशी त्यांचा मेळ बसत होता.